‘अलबेला’ : रागानं घर सोडलेल्या नाचऱ्या पोराची गोष्ट

वाचकहो, टोमॅटोचा हंगाम भरात असताना पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत तुम्ही कधी गेला असाल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. गाड्यांची रांग लागलेली. वीस-वीस किलोंचे क्रेट एकावर एक रचलेले. लिलावाला अजून वेळ आहे. कुणी तंबाखू मळतो आहे, कुणी कालच्या भावाची उजळणी करतो आहे, कुणी नुसताच आभाळाकडं बघतो आहे. एवढ्यात कुठल्या तरी गाडीतलं गाणं मोठं होतं. बापासोबत माल घेऊन आलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गाडीला टेकून उभा असतो. आधी त्याचं पाऊल हलतं, मग खांदा हलतो. दोन दोस्त जमले की दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याचा नाच सुरू होतो. हमाल हसतात, कुणी शिट्टी मारतो.

आणि मग बापाचा आवाज येतो, ‘‘अरे, काय नाचून राहिला चारचौघांत? लाज वाटते का काही? इथं भाव काय निघतो त्याची चिंता पडली, आणि तुला नाच सुचतो!’’

पोरगा थांबतो. गाडीत जाऊन बसतो. घर येईपर्यंत बापलेकांत एक शब्द होत नाही.

खरं सांगायचं तर यात दोष कुणाचाच नाही. बापाच्या डोक्यात औषधांची उधारी, मजुरी, गाडीभाडं आणि सोसायटीचा हप्ता. पोराच्या अंगात सोळावं वरीस. दोघंही आपापल्या जागी खरे. पण घरापर्यंतच्या त्या मुक्या वाटेवर जे काही घडतं, त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे. बोलायला सोबत एक जुना सिनेमा घेऊ या. सिनेमा हसरा आहे, नाचरा आहे, आणि तो काढणारा माणूस आपल्याच मराठी मुलखातला, गिरणी कामगाराचा मुलगा होता. सिनेमाचं नाव ‘अलबेला’, साल १९५१. काढणारे आणि नाचणारे, दोन्ही एकच : मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा.

घरातलं भांडण

‘अलबेला’ची गोष्ट साधी आहे. प्यारेलाल नावाचा तरुण मुंबईत आईबाप, भाऊ-भावजय आणि बहीण यांच्यासोबत राहतो. घर गरीब. पोरगा कचेरीत लहानशी नोकरी करतो, पण लक्ष सगळं नाटकाच्या रंगमंचावर. उठता-बसता त्याला नाच दिसतो. इकडं बहिणीचं लग्न ठरतं. लग्न ठरलं की घरात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकानं आपापल्या परीनं पैसे उभे करायचे असतात, आणि नेमका हाच दिवटा कमी पडतो. बाप चिडतो, बोलू नये ते बोलतो. पोरगाही इरेला पेटतो. ‘मोठा होऊन दाखवीन, तेव्हाच या घरात पाय ठेवीन,’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून उंबरा ओलांडतो.

पुढं त्याला आशा नावाची नटी भेटते. हे काम गीता बालीनं केलं आहे. ती त्याला नाटक कंपनीत घेते आणि पोराचं नशीब फळफळतं. टाळ्या, पैसा, नाव, सगळं मिळतं. तो घरी पैसे धाडत राहतो. पण ते आईबापांच्या हाती पडतच नाहीत. त्याला वाटतं घर सुखात आहे, घराला वाटतं पोरगा विसरला. शेवटी तो मोठ्या हौसेनं परततो, तेव्हा आई राहिलेली नसते.

हसरा सिनेमा म्हणावा आणि ऐन मध्यात असा काटा टोचावा, ही भगवानदादांची रीत. शेवट गोड होतो, सिनेमागृहातून माणूस गुणगुणत बाहेर पडतो. पण घरी जाताना प्रत्येक बापाला आणि प्रत्येक लेकाला तो काटा टोचत असणार. नाचायला कुणाची हरकत नव्हती हो. हरकत होती ती वेळेला कामी न आल्याची. भांडण एका गोष्टीचं असतं आणि तोंडातून दुसरीच निघते, हे आपल्याही घरात होतं. बाजारातला तो बाप नाचावर रागावला का? तो भावावर रागावला होता. समोर पोरगा सापडला.

गिरणीतल्या कामगाराचा मुलगा

आता हा सिनेमा काढणाऱ्या माणसाची हकिकत ऐका. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. वडील मुंबईत कापड गिरणीत कामाला. पोराचं शिक्षण बेताचं, पण शरीर कमावलेलं आणि सिनेमाचं वेड अनावर. मूकपटांच्या काळात त्यांनी पडद्यावर पाऊल टाकलं. पुढं कमी खर्चाचे मारामारीचे सिनेमे काढू लागले. गिरणी कामगार, हमाल, टांगेवाले असे कष्टकरी लोक ते सिनेमे आवडीनं बघत. चेंबूरला त्यांनी स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांनी त्यांना ‘मारामारी पुरे, आता एखादा सामाजिक सिनेमा काढा’ असं सुचवलं आणि त्यातून ‘अलबेला’ झाला, असं सांगतात.

तुम्ही म्हणाल, नाचणारा नायक म्हणजे उंचनिंच, गोरागोमटा असेल. मुळीच नाही! ‘अलबेला’ पडद्यावर आला तेव्हा भगवानदादा अडतिशीला टेकलेले, बुटके, अंगानं स्थूल. वीस वर्षांच्या पोराचं काम करायला असा माणूस उभा राहिला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कारण तो नाचत होता तसं कुणालाही नाचता येत होतं. ठेका धरायचा, कोपरं सैल सोडायची, खांदे किंचित उडवायचे, पाऊल जागच्या जागी टाकायचं, आणि चेहऱ्यावर असं हसू ठेवायचं की जणू जगातलं सगळं कर्ज फिटलं. हा नाच त्यांनी कुठल्या शाळेत शिकला नव्हता. गणपतीच्या मिरवणुकीत मुंबईचा कामगार जसा नाचतो, त्याचंच ते रूप. पुढं अमिताभ बच्चन यांच्या नाचातही भगवानदादांची छाप दिसते असं जाणकार म्हणतात. आज तुमचा पोरगा वरातीत ज्या पावलांनी नाचतो, ती पावलं नीट पाहिलीत, तर त्यात कुठं ना कुठं दादा सापडतील.

गोदेकाठचा संगीतकार

‘अलबेला’ची अर्धी करामत गाण्यांची. आणि गाणी बांधणारा माणूस तर आपल्या गोदेकाठचा! संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८ चा, पुणतांब्याचा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून आपल्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वराला येते, आणि तीच पुढं कोपरगावावरून पुणतांब्याला जाते. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. तुम्ही पुणतांबा ओळखता ते २०१७ च्या शेतकरी संपामुळं. १ जून २०१७ ला तिथून संपाचं वारं सुटलं आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातले बाजारही बंद पडले. बंडाचं पाणी त्या मातीत जुनंच असावं!

सी. रामचंद्रांनी शास्त्रीय गाणं रीतसर शिकलं होतं, पण ‘अलबेला’त त्यांनी बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असली परदेशी वाद्यं आणली आणि त्यांना आपल्याकडचा ठेका दिला. गोव्याचा चिक चॉकलेट हा नावाजलेला ट्रम्पेटवादक आपल्या साथीदारांसह या सिनेमात चक्क पडद्यावर दिसतो. लता मंगेशकरांच्या जोडीला पुरुषाचा आवाज खुद्द संगीतकाराचाच. गायक म्हणून ते फक्त ‘चितळकर’ हे नाव लावत. याच सिनेमात लताबाईंनी म्हटलेली एक अंगाईही आहे. एकीकडं पाय थिरकवणारा ठेका आणि दुसरीकडं पोराला निजवणारी चाल, दोन्ही एकाच माणसाच्या हातून उतरल्या. आणि १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी शहीद जवानांचं जे गाणं गाऊन साऱ्या देशाला रडवलं, त्याची चाल याच माणसाची. तेव्हा ‘नाचगाण्याची माणसं थिल्लर असतात’ असं कुणी म्हणालं, तर त्याला पुणतांब्याचं नाव सांगा.

नाशिककरांनी नाचाला नावं ठेवू नयेत

खरं म्हणजे सिनेमातल्या नाचाशी आपल्या जिल्ह्याचं नातं फार जुनं. दादासाहेब फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई तयार होईना. अगदी नाचगाण्यावर पोट असलेल्या बायासुद्धा नको म्हणाल्या. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, या मायलेकींनी काम केलं. मोहिनी झालेली कमला तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती.

मोहिनी-भस्मासुराची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्यासारखा हात फिरवतो आणि नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. सांगायचा मुद्दा असा, की भारतीय सिनेमात पडद्यावर आलेली पहिली मुलगी नाशकात, तेराव्या वर्षी, मोहिनी होऊन उभी राहिली. त्या काळी बाईनं रंगभूमीवर पाऊल टाकणंसुद्धा पाप समजलं जाई. आणि पुढं काय झालं? त्याच कमलाबाई गोखल्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले, आणि नातू विक्रम गोखले. ज्या कलेला पणजीच्या वेळी लोकांनी नाकं मुरडली, तिच्याच जोरावर पणतूला लोकांनी मान दिला.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक लेक सांगतो. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार. नव्या पिढीला त्या ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरा म्हणून माहीत. पण तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४२ च्या सुमाराला एका सिनेमाच्या चित्रीकरणात थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. मारणारे नट होते हेच भगवानदादा. हात जोरात बसला, आणि ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याला आणि चेहऱ्याला कायमची इजा झाली. नायिकेची कामं गेली. पण बाईंनी हाय खाल्ली नाही. त्याच बारीक झालेल्या डोळ्याच्या जोरावर त्यांनी खाष्ट सासू अशी रंगवली, की पुढं कित्येक दशकं त्या भूमिकेला दुसरं नावच सुचेना. हे अशासाठी सांगितलं, की पडद्यावर जे हसतंनाचतं दिसतं त्यामागं घाम आणि कधी कधी रक्तही असतं. तुमच्या पोरांनाही हे सांगा. नाच म्हणजे चैन नव्हे. गारपिटीनं एका रात्रीत बाग झोपावी आणि पुन्हा छाटणीची कात्री हातात घ्यावी, तसली कष्टाची ती शेती आहे.

‘नाच्या’ हा शब्द

आपल्याकडं पोरगा नाचायला लागला की एक शब्द पटकन तोंडात येतो : ‘नाच्या’. हा शब्द किती खोल कापतो, ते पाहायचं असेल तर १ जानेवारी २०१० ला आलेला ‘नटरंग’ आठवा. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा रवी जाधव यांनी काढला. त्यातला गुणा हा कागलचा शेतमजूर, तालमीतला पैलवान गडी. तमाशाच्या फडात नाच्या मिळेना, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. बाप, बायको, गाव, सगळे पाठ फिरवतात. अतुल कुलकर्णी यांनी तो गुणा असा उभा केला, की बघताना आपल्याच तोंडून कधीतरी निघालेले शब्द आठवून मान खाली जाते.

आणि मौज बघा. लेझीम खेळणाऱ्या पोराला आपण शाबासकी देतो. पंढरीच्या वाटेवर वारकरी पावली खेळतात, तेव्हा आपण त्यांच्या पायाला हात लावतो. नागपंचमीला लेकी-सुना फुगडी घालतात, तेव्हा म्हातारीसुद्धा पदर खोचून उठते. आपल्या द्राक्षबागांत कामाला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी मंडळी येतात. सणासुदीला ती पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाचतात. बाप, लेक, सासू, सून एका रांगेत. त्यांच्यात कुणी म्हणत नाही की पोरगं नाचलं म्हणून वाया गेलं. मग गाडीतलं गाणं लागल्यावर पाय हलले, तर तेवढंच काय आभाळ कोसळतं?

सातासमुद्रापलीकडचं एक गाव

हा तंटा आपल्याच गावात आहे असं समजू नका. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात एल्मोर सिटी नावाचं लहानसं गाव आहे. नावात सिटी असली तरी गाव शेतीचं. तिथं १८९८ पासून सार्वजनिक ठिकाणी नाचायलाच बंदी होती. १९८० साली तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी मागणी केली, की शाळा संपताना आम्हाला नाचाचा कार्यक्रम करू द्या. गावात दोन तट पडले. धर्मगुरूंनी विरोध केला. शाळा मंडळाच्या सभेत मतं सारखी पडली, आणि अध्यक्षांच्या मतानं मुलांच्या बाजूचा निकाल झाला. मुलं नाचली. गाव बुडालं नाही.

या प्रसंगावरून १९८४ साली ‘फूटलूज’ नावाचा सिनेमा निघाला आणि जगभर चालला. शहरातून आलेला एक पोरगा नाचबंदीच्या गावात येऊन पडतो आणि गावातल्या पोरांना नाचायला लावतो, अशी त्याची गंमतीदार गोष्ट. आपल्या वाचकांना आवडेल असा एक प्रसंग त्यात आहे. दोन पोरं दोन ट्रॅक्टर समोरासमोर सोडतात. जो आधी उडी मारील तो हरला. नायकाची जिगर पाहून सगळे थक्क होतात. पण खरी गोष्ट अशी, की त्याच्या बुटाची नाडी ट्रॅक्टरमध्ये अडकलेली असते, त्याला उडी मारताच येत नसते! तरुणपणीच्या अर्ध्या शौर्याचं हेच गुपित असतं. (पोरांनो, हे आपल्या ट्रॅक्टरवर करू नका. त्या कोसळणाऱ्या धुडाची किंमत सिनेमावाल्यांनी दिली होती, आपल्याकडं तो बँकेचा आहे.)

पण त्या सिनेमातली सगळ्यात मोलाची गोष्ट ट्रॅक्टरची नाही. नाचबंदीचा आग्रह धरणारा धर्मगुरू दुष्ट नसतो. त्याचा स्वतःचा तरुण मुलगा एका रात्री मौजमजा करून परतताना अपघातात गेलेला असतो. तेव्हापासून त्याला वाटतं, नाच थांबवला की पोरं वाचतील. म्हणजे बंदीच्या पोटात धास्ती असते. बाजारातल्या त्या बापाच्या पोटातही तीच असते : हा असाच नाचत राहिला, तर उद्या याचं कसं होणार? पोरांनो, बाप ओरडला की हे एकदा मनात आणून पाहा. आणि बापांनो, धास्ती वाटली तर ती धास्ती म्हणूनच बोलून दाखवा. ‘लाज वाटते का’ असं म्हटलं की पोराला फक्त लाज ऐकू येते, त्यामागची माया ऐकू जात नाही.

जिथं आपण सगळेच नाचलो

आता आपल्या अगदी अलीकडच्या सिनेमाकडं येऊ. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’वर त्या वर्षी न नाचलेलं वऱ्हाड सापडणं कठीण. पाटलाची पोरगी ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, हे बघून खेड्यापाड्यांतल्या पोरींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण वाचकहो, त्या गाण्यावर नाचताना आपण सिनेमाचा शेवट विसरलो. घरातल्यांची माणसं येतात, चहा पितात आणि ती दोन लेकरं मागं रक्तात पडलेली राहतात. पोरांच्या बंडाला उत्तर द्यायची ती एक रीत आहे, आणि आपल्या समाजात ती केवळ पडद्यावर राहिलेली नाही. ‘अलबेला’तला बाप रागावला, पण त्याचं दार पुन्हा उघडलं. ‘सैराट’मधल्या बापाचं दार उघडलं नाही. नाच दोन्हीकडं सारखाच होता. फरक दाराचा होता.

आणि हे लेकींच्या बाबतीत अधिकच खरं. पोरगा नाचला तर आपण ‘वाया गेला’ म्हणतो, पोरगी नाचली तर ‘हाताबाहेर गेली’ म्हणतो आणि घाईघाईनं स्थळं बघायला लागतो. स्नेहसंमेलनात नाचली म्हणून दहावीनंतर शाळा सुटलेली पोरगी तुमच्याही माहितीत असेल. तिनं काय गुन्हा केला, हे तिला कुणी सांगितलं का?

एकाच पिकाचा शेतकरी

इथवर वाचून एखादी माऊली म्हणेल, ‘म्हणजे पोरांना शाळा सोडून नाचायला पाठवा असं म्हणणं आहे की काय?’ नाही हो! भगवानदादांचीच पुढची हकिकत ऐका.

‘अलबेला’नं अमाप पैसा दिला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, अशी दादांची श्रीमंती लोक आजही रंगवून सांगतात. पण पुढं १९५३ चा ‘झमेला’ आणि १९६६ चा ‘लाबेला’ यांना ते यश आलं नाही. किशोर कुमारला घेऊन ‘हंसते रहना’ नावाचा सिनेमा सुरू केला, त्यात होतं नव्हतं ते ओतलं, आणि तो पुराच झाला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहायला आले. ज्या सिनेमासृष्टीत नायक होते तिथंच घोळक्यात उभं राहून लहानसहान कामं करू लागले. ४ फेब्रुवारी २००२ ला त्यांचं निधन झालं.

शेतकऱ्याला यातलं मर्म समजावून सांगायची गरज नाही. गेल्या साली भाव मिळाला म्हणून यंदा बांधापासून बांधापर्यंत टोमॅटोच लावला, उधारीवर तारकाठी उभी केली, आणि ऐन तोडणीत बाजार बसला. असा शेतकरी प्रत्येक गावात आहे. दादांनी हेच केलं. नाच हे वाईट पीक नव्हतं. सगळं रान त्या एकाच पिकाखाली घातलं, ही चूक झाली.

पण मंडळी, एक गोष्ट दादांकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली की थांबायची, त्यांचं गाणं वाजायचं आणि म्हातारे दादा दोन पावलं टाकायचे, असं सांगतात. बंगला विकता येतो, ठेका विकता येत नाही. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा निघाला. मंगेश देसाई त्यात भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली झाल्या. चाळीत गेलेला माणूस पुन्हा पडद्यावर आला, तो त्या दोन पावलांच्या जोरावर.

मग करायचं काय?

द्राक्षाची वेल मांडवावर चढवताना तुम्ही काय करता? सुतळीनं बांधता, पण आवळून बांधत नाही. आवळली तर खोड वाढताना सुतळी आत रुतते. सैल सोडली तर वेल जमिनीवर लोळते. पोरांच्या बाबतीतही गाठ अशीच द्यावी लागते.

पोराला नाचाची आवड असेल, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवात त्याला पुढं होऊ द्या, आणि त्या दिवशी स्वतः बघायला जा. पहिल्या रांगेत बसलेला बाप पोराला जे देतो, ते कुठलीही शिकवणी देत नाही. मात्र शिक्षण सोडायचं नाही, हे ठामपणे सांगा. नाच हे आंतरपीक असू द्या; पुढं त्यातच जोम दिसला तर मुख्य पीक करायला कोण अडवतो? शेतातलं, घरातलं ठरलेलं काम झालंच पाहिजे, हेही सांगा. प्यारेलालच्या घरी भांडण वेळेला कामी न आल्याचंच होतं. आणि नाचू द्या म्हणजे मध्यरात्रीपर्यंत कानठळ्या बसवणारा डीजे लावू द्या, असं आम्ही म्हटलेलं नाही. पाळण्यातलं लेकरू आणि अंथरुणावरचं म्हातारं माणूस यांचाही गावावर तेवढाच हक्क आहे.

पोरांनो, तुम्हालाही एक सांगणं. रागानं उंबरा ओलांडायला एक क्षण पुरतो. प्यारेलाल नाव कमावून परत आला, पण आईला ते दाखवता आलं नाही. पैसे धाडण्याच्या आधी आवाज धाडा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यावर नाच बघता तसा घरचा नंबरही लावत जा.

आणि सगळ्यांनी मिळून एक करा. एखाद्या रात्री, दुसऱ्या दिवशी बाजार नसेल तेव्हा, घरात ‘अलबेला’ लावा. आजोबांना समोर बसवा. बहुधा गाणी त्यांना पाठ असतील. ठेका सुरू झाला की पोराकडं बघू नका, आजोबांच्या बोटांकडं बघा. ती खाटेच्या माच्यावर हलायला लागतील. मग बापाकडं बघा. त्यानं कितीही तोंड गंभीर ठेवलं, तरी पायाचा अंगठा फसवणार नाही.

पुढच्या खेपेला पिंपळगावच्या रांगेत गाणं लागेल आणि पोरगा ठेका धरील. भाव काय निघायचा तो निघेल. तो तुमच्या हाती नाही आणि त्याच्याही नाही. तेवढी दोन मिनिटं त्याला नाचू द्या. मग म्हणा, ‘‘चल, आता क्रेट उतरवू.’’ बघा, तो धावत येतो की नाही.